आभाळबाईंचा अर्धा पडदा

आभाळबाई गेल्या तेव्हा पडद्यावरचं आभाळ पुरं झालं होतं. डावीकडची झाडीही झाली होती. उजवीकडे नुसतं कोरं कापड.

सकाळी त्यांनी चहा टाकला आणि जराशा खाली टेकल्या. चहा उतू गेल्याचा वास आला तेव्हा लेकीला कळलं.

उभी हयात त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. महाल, तुरुंग, बाजार, समुद्र. पण आभाळ असं काढायच्या की नाटकवाले त्यांचं खरं नाव विसरून गेले. लेक तान्ही असताना तिला गुंडाळलेल्या कापडांवर निजवून त्या काम करायच्या. पुढे एका मोठ्या कंपनीने दौऱ्यावर बोलावलं. "पोरीची शाळा संपू दे," एवढंच म्हणाल्या, आणि शाळा संपेपर्यंत हलल्या नाहीत. पालकसभेला यायच्या त्या टाचांना निळा रंग घेऊन. लेक लाजेने अर्धी व्हायची. आई म्हणायची, "टाचांकडे बघायला कोण बसलंय? मी तुझे गुण बघायला आलेय."

ही लेक आता दातांच्या कवळ्या घडवते. केसाएवढं चुकलं तरी गिऱ्हाईक घासाघासाला शिव्या घालतं, असलं काम.

नाट्यगृहाचा मॅनेजर भेटायला आला. खुर्ची पुढे ओढून बसला. मग म्हणाला, "ताई, शुक्रवारी पहिला प्रयोग आहे. मी छापील पडदा मागवतोय."

"आणि आईचा?"

"जपून ठेवू ना. पण अर्धा पडदा कसा लावणार?"

"अर्धा का राहील? मी करते पुरा."

मॅनेजर तिच्या बोटांकडे बघत राहिला. "ताई, दात वेगळे, झाडं वेगळी."

"गुरुवारी संध्याकाळी येऊन बघा. नाही पटला तर लावा तुमचा छापील."

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि रंगवायच्या शेडमध्ये गेली. पडदा जमिनीवर अंथरलेला होता. आई काठीला ब्रश बांधून पडद्यावरच उभी राहून रंगवायची. लेक मात्र गुडघ्यांवर बसली. बारीक ब्रश घेतला आणि पान न् पान काढू लागली. संध्याकाळपर्यंत एक झाड झालं. पाठ मोडली, पण पानं कशी रेखीव!

नाट्यगृहाचे सुतारकाका तिथेच शिडीवर चढून दिवे लावत होते. वरूनच ओरडले, "झाड कुठंय गं?"

"हे काय समोर!"

"वर येऊन दाखव."

ती चढली. खालून आईची झाडी म्हणजे चिखलाचे शिंतोडे वाटत होते. वरून बघितलं तर तिच्यात वारा शिरला होता. शेजारी लेकीचं झाड. नीटनेटकं, एका मापाचं, ओळीत बसवलेलं.

"काका, ही तर कवळी झाली."

"मी काही बोललो नाही हं. तूच म्हणालीस."

तिला हसू फुटलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. आवरेना, म्हणून तिने शिडी घट्ट धरली.

लहानपणी पडद्यावरचा एखादा डाग बघून ती म्हणायची, आई, चुकलं. आई म्हणायची, "चुकलं नाही. जवळ आहेस." पुढे ते बोलणं सगळ्यालाच लागू झालं. नापास झाली तेव्हा, जमलेलं लग्न मोडलं तेव्हा. "जवळ आहेस गं. शिडीवर चढ आधी."

तिने पांढरा रंग फिरवून ते झाड बुजवून टाकलं. सकाळी आईची काठी घेऊन पडद्यावर उभी राहिली. पण हात चालेना. काठी आखूड, त्यामुळे प्रत्येक फटकाऱ्याला वाकावं लागत होतं.

"कमान झालीय तुझी," सुतारकाका म्हणाले. "काठी बदल."

"आईची आहे."

"म्हणून तर. आई तुझ्या खांद्याला लागत होती. तिच्या मापाची आहे ती."

तिने काठी स्वतःच्या खांद्याला लावून बघितली. मग ब्रशची दोरी सोडू लागली. गाठ आईने मारलेली होती, ती दातांनी सोडवावी लागली.

"काका, लांब काठी द्या एक."

आईचा ब्रश तिने नव्या काठीला बांधला. रंगात बुडवला आणि खांद्यापासून हात फिरवला. हिरवा, ओबडधोबड फटकारा उमटला. वाकून बघावंसं फार वाटलं. वाकली नाही. दुसरा मारला.

गुरुवारी पडदा रंगमंचावर टांगला. मॅनेजर आला आणि थेट नाक लावून उभा राहिला.

"जोड दिसतोय, ताई. आईंचा हात वेगळा, तुमचा वेगळा."

"वेगळाच आहे."

"मग लोकांना दिसणार नाही का?"

"जवळ आहात, साहेब." तिने मागच्या रांगेकडे बोट दाखवलं.

मॅनेजर कुरकुरत निघाला. वाटेत एका खुर्चीला गुडघा आपटला, तिलाही चार शब्द सुनावले. शेवटच्या रांगेत पोचून मागे वळला. सुतारकाकांनी दिवे टाकले.

लेक विंगेत काठीला रेलून उभी होती.

"छापीलवाल्याला फोन करतो," शेवटच्या रांगेतून आवाज आला.

"काय सांगणार?" सुतारकाकांनी विचारलं.

"काय म्हणजे? नको म्हणून सांगतो! आणि ताई, पुढच्या नाटकात समुद्र आहे."

"शिडी लागेल," लेक म्हणाली, आणि ब्रश धुवायला गेली. रंगात चिकट सरस घातलेला असतो. वाळला की ब्रशचं लाकूड होतं.