दादांच्या आवाजाचं कार्ड

आमच्या घरात आवाज म्हणजे दादांचा, माझ्या वडिलांचा. साखर कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीवर उभं राहून, यंत्रांच्या खडखडाटात त्यांनी उभा जन्म ओरडून काढला. निवृत्त होऊन सोलापुरात माझ्याकडे आले, तरी नळाला पाणी आल्याचं अख्ख्या गल्लीला त्यांच्याकडूनच कळायचं. त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनला दोन दिवस होते. मी यंत्रमागांची इलेक्ट्रॉनिक सर्किटं दुरुस्त करतो, त्यामुळे मला सुचून सुचून काय सुचणार? एक डबा केला. आत मेंदू म्हणून मायक्रोकंट्रोलर, माइक, स्पीकर, वर आठ बटणं आणि कडेला नखाएवढं मेमरी कार्ड. दादांनी आठ वाक्यं बोलायची, ती कार्डावर राहतील, पुढे बटण दाबलं की दादा बोलतील. दुसरी प्रत नंतर काढू म्हटलं. माझं नंतर म्हणजे कधीच नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

ऑपरेशन झालं आणि डबा खरंच चालला. पलंगावरून ‘अगं, ऐकलंस का?’ आलं की आई स्वयंपाकघरातून ‘आले, आले’ म्हणायची. तिला मी कार्ड काढून दाखवलं होतं, ‘दादांचा आवाज ह्याच्यात आहे बरं का.’ तिने आधी हात पदराला पुसले, मग ते तळहातावर घेतलं.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची. आईने विळी पुजली, माझे पक्कड-पाने पुजले. मग दादांचं हत्यार कोणतं? तिने मी दाखवलं होतं तसं नखाने दाबून कार्ड काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, दोन्ही बाजूंनी हळद-कुंकू लावलं, देवापुढे ठेवलं आणि संध्याकाळी पुन्हा डब्यात सारलं. दादांनी बटण दाबलं. डबा गप्प.

मी आलो, कार्ड शर्टाला घाईघाईने पुसलं, आत घातलं, डबा चालू केला. हिरवा दिवा लागला आणि डबा रिकामा! एकही वाक्य नाही. माझं डोकं फिरलं. ‘आई, ही काय हळद लावायची जागा आहे? दादांचा आवाज घालवलास तू!’ आणखी काय काय बोललो, ते लिहायची लाज वाटते. ती कुंकवाचं बोट लुगड्याला पुसत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात मी डब्याचा प्रोग्रॅम उघडला. कंट्रोलर आणि कार्ड यांचं बोलणं मोठं शिस्तीचं असतं. कंट्रोलर आधी नुसते ठोके देतो, पाऊणशे-ऐंशी, झोपलेल्याला हलवल्यासारखे. मग विचारतो, उठलास का? तयार आहेस का? कार्ड ‘थांब’ म्हणत राहतं, शेवटी ‘आहे’ म्हणतं. मग तो पहिलं पान मागतो. कुठली फाइल कुठं आहे ते त्या पानावरून कळतं. हे सगळं कार्डाच्या पाठीवरच्या सोनेरी पट्ट्यांतून चालतं. पट्टीवर हळद राहिली की उत्तर तुटक येणार, एवढंच. अशा वेळी शहाण्या प्रोग्रॅमने पुन्हा विचारावं, नाहीतर लाल दिवा लावून गप्प बसावं.

माझ्या प्रोग्रॅमने काय केलं? पान कळलं नाही, म्हणजे कार्ड कोरं आहे, असं ठरवून ते साफ पुसलं आणि वर आठ रिकाम्या फायली लिहिल्या. चाचणीच्या वेळी नवीन कार्डं सारखी कॉम्प्युटरला लावून तयार करायचा कंटाळा, म्हणून ती ओळ मीच घातली होती. काढायची राहिली. हळद तर स्पिरिटच्या एका बोळ्याने निघाली असती. पुसलेलं परत आणायला जमेल ते सगळं केलं. नुसती खरखर आली.

आणि मी गप्प बसलो. चार दिवस! आई हळदीच्या डब्याला हात लावेना. पांढरीफटक आमटी आम्ही मुकाट जेवत होतो. पाचव्या दिवशी घास उतरेना, तेव्हा दादांसमोरच सांगून टाकलं, ‘आई, तुझ्या हळदीनं काही झालं नाही. माझ्या चुकीनं पुसलं गेलं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.’

मला वाटलं, रडेल, नाहीतर सुटल्यासारखं म्हणेल काहीतरी. तिने ताटावरून हात उचलला.

‘तू मला बोलत हुतास तवा ह्ये काय करत हुते, बगितलंस का?’

‘बटणं दाबत होते. लागतंय का बघत असतील.’

‘बटनं न्हाय. एकच बटन. सारखं त्येच. खालचं, कडंचं.’

खालचं, कडेचं. ते वाक्य दादांनी ऑपरेशनच्या आधी हसत हसत भरलं होतं, माझ्याच रागासाठी: ‘बास कर, आईला बोलू नगंस.’

मी दादांकडे पाहिलं. ते ताटात बघत जेवत होते.