प्रशिक्षकाचा रकाना

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. डोळ्यांपुढून हलत नाही ती मात्र एका तांड्यावरची विहीर.

हिंगोली जिल्हा नुकताच झाला होता. नवे फलक, नवे शिक्के. शिक्के मारायला कागद कमी पडत होते. मी सेनगावकडच्या एका ठाण्यात होतो. सकाळची हजेरी चालू असताना टपालात निनावी अर्ज आला. तांड्यावरचा एक तरुण मोठ्या शहरातल्या व्यावसायिक फुटबॉल संघात शिरतोय, असा त्याचा मजकूर. संघात काही जागा राज्यातच किमान तीन वर्षं खेळ शिकलेल्या खेळाडूंसाठी राखीव होत्या. हा खेळ शिकला कर्नाटकात, इथं शिकल्याचा शाळेचा दाखला खोटा, असा आरोप. खरा ठरला असता तर तरुणाची जागा जाणार होती आणि मुख्याध्यापकांवर गुन्हा. नावनोंदणीला आठ दिवस उरले होते.

शाळेत जाऊन मुख्याध्यापकांसमोर हजेरीपत्रक पाहिलं. दरवर्षी दिवाळीनंतर सहा महिने गैरहजर. तांडा ऊसतोडीला कर्नाटकात जायचा.

"मैदान कुठाय, गुरुजी?"

"मैदान न्हाई साहेब. पण पोरगं हितंच खेळून मोठं झालं, हे बराबर हाय."

असा जबाब कुठल्या कलमात बसवायचा, मला कळेना. तरुणाला ठाण्यात बोलावलं.

"कर्नाटकात कुणाकडं शिकलास?"

"तिथं कोयता चालवला साहेब. उसाच्या फडात फुटबॉल कोण खेळतंय?"

"मग इथं कुणी शिकवलं?"

तो म्हणाला, "विहिरीनं."

हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, हे आपल्याला येडं समजून राहिलं."

मला तसं वाटेना. खोटं बोलणारा माणूस चटकन एखादं नाव पुढं करतो. याला साधं नाव रचता येत नव्हतं. जीप काढली.

तांड्यामागं उताराची पडीक जमीन, आणि उताराच्या टोकाला बिनकठड्याची विहीर. तिथं रबरी चेंडू लाथाडला की घरंगळत थेट पाण्यात. हवालदारांनी जोर लावून चेंडू मारला. तरुणानं नुसता तळवा टेकवला. चेंडू खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी. दहा वेळा मारला, दहा वेळा तेच.

मलाही हुक्की आली. "मार माझ्याकडं!"

चेंडू माझ्या इस्त्रीच्या पँटच्या दोन पायांमधून गेला आणि विहिरीत डुबुक असा आवाज झाला. कुणी हसलं नाही. तरुणाची आई पुढं आली.

"साहेब, ज्याच्याकडून गेला त्यानंच उतरायचं. हितला कायदाच हाय तो."

हवालदार आभाळाकडं बघू लागले. मी टोपी आणि पट्टा त्यांच्या हातात दिला.

मुरमाच्या भिंतीत पाय ठेवायला खोबण्या होत्या. इतक्या जवळजवळ, की माझे गुडघे छातीला लागत होते. शेजारी दुसरी रांग, जरा लांब अंतराची. तिच्या पलीकडं तिसरी, तीत माझा पाय नीट बसला.

"ह्या कुणी खोदल्या रे?" मी खालून ओरडलो.

"मीच साहेब. पाय लांब झाले तशा नव्या केल्या."

कमरेएवढ्या पाण्यात चेंडू धरून मी वर बघत राहिलो. बोटांचे ठसे, सह्या, मोहरा मी पुष्कळ तपासल्या होत्या. पण एका माणसाचं सगळं लहानपण असं भिंतीवर मोजून ठेवलेलं कधी पाहिलं नव्हतं. सहा महिने परमुलखात राबून दर उन्हाळ्यात हे लेकरू परत येत होतं, चुकत होतं, आणि उतरत होतं.

ओल्या कपड्यांनीच पंचनामा केला. टेपनं खोबण्यांमधली अंतरं मोजली, पंचांच्या सह्या घेतल्या, 'तथ्य नाही' असा शेरा मारून अर्ज दप्तरी दाखल केला. अर्ज कुणाचा ते शोधलं नाही. संघानं तरुणाला घेतलं. त्यांच्या छापील नमुन्यात 'प्रशिक्षकाचे नाव' असा रकाना होता. तिथं त्यानं काय लिहिलं, मी विचारलं नाही.

पुढं निवृत्त होईपर्यंत कुठलाही चौकशी अहवाल टेबलावर आला, की सही करण्याआधी मी एकच विचारायचो, "खाली कोण उतरलं होतं?" नवे अधिकारी गोंधळायचे. हवालदारांना मात्र कळायचं.