भिंगरीची पाळी आणि घरातली शहाणी माणसं

आत्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी चालवायला शिकवायची. तिच्या बाजूला पायाखाली एक जादा ब्रेक असायचा. शिकणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचे जीव त्या ब्रेकने वाचवले होते आणि उरलेल्यांचे तिच्या तोंडाने. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. भावाच्या घरात वरच्या खोलीत राहायची.

भावाची एकुलती एक मुलगी म्हणजे भिंगरी. आनंद झाला की जागच्या जागी गरागरा फिरायची, म्हणून हे नाव. चौदा वर्षांची होती, पण जन्मापासून मेंदूची वाढ हळू. बोलायची एकेका शब्दात. समजायचं मात्र घरच्यांच्या कल्पनेपेक्षा बरंच जास्त, आणि घरच्यांना याचा पत्ता नसल्यामुळे घर अगदी सुखात होतं.

त्या दुपारी ती न्हाणीघरातून लाल झालेले हात समोर धरून बाहेर आली. कुठेतरी कापलंय, एवढंच तिला कळलेलं. दादाला, म्हणजे तिच्या बापाला, त्याच क्षणी फार महत्त्वाचा फोन आठवला आणि तो गॅलरीत गेला. वहिनीने धावत जाऊन आधी खिडक्यांचे पडदे ओढले, जणू रक्त खिडकीतून येत होतं. मग "काही नाही गं, काही नाही," असं म्हणाली, पण चेहरा असा की घरात कुणीतरी गेलंय. भिंगरीने शब्द सोडले, चेहरा वाचला आणि घर डोक्यावर घेतलं.

संध्याकाळी मोठ्या माणसांची बैठक भरली. जिच्याबद्दल ती होती ती कोपऱ्यात पोट धरून बसली होती. तिला बोलावण्याची गरज कुणालाच वाटली नाही.

"गर्भपिशवीच काढून टाकू," दादा म्हणाला. अडगळीतलं कपाट विकायचं ठरवावं तसा. "दर महिन्याची कटकट कशाला? तिला तरी काय उपयोग तिचा?"

"उपयोग नाही म्हणून काढायचं ठरलं, दादा," आत्या म्हणाली, "तर तुझं डोकं आत्तापर्यंत कधीच काढायला हवं होतं."

दादाने तिच्याशी बोलणं टाकलं. घरात तेवढीच शांतता.

तरीही तो डॉक्टरीणबाईंकडे गेलाच. सोबत वहिनी आणि आत्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शिकवून पाहिलंत का?"

तिघेही छताकडे बघू लागले.

"शिकवलं नाही, पण जमणार नाही हे ठरलं," बाई म्हणाल्या. "केवढं मोठं ऑपरेशन आहे ते, ठाऊक आहे? आपली कटकट वाचावी म्हणून नसतं ते करायचं. आणि पिशवी काढली की मुलीला जगात धोका राहत नाही, असं वाटत असेल तर तेही डोक्यातून काढा. दुखत असेल तर औषध देते. बाकीचं घरी शिकवा."

शिकवणं हा आपला धंदाच, असं म्हणून आत्याने काम अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी तिने गर्भाशय, अस्तर, अंडं असं जोरदार भाषण दिलं. भिंगरी मन लावून ऐकत होती. 'अंडं' ऐकल्यावर ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिज उघडून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पॅडचा चिकट कागद काढायला तिला छान जमलं. मग तिने ते पॅड आरशावर अगदी सरळ रेषेत चिकटवलं. आत्याचा आवाज चढला, झटक्यात क्लच सोडणाऱ्या गिऱ्हाइकावर चढतो तसा.

पुढच्या महिन्यात भिंगरीने आरडाओरडा केला नाही. सगळे खूश झाले. मग गादीखाली डाग पडलेले कपडे सापडले. लपवायचं असतं, एवढंच ती या घरातून शिकली होती, आणि तेही कुणी न शिकवता. आत्याने ते कपडे गोळा केले आणि धुवायला बसली.

भिंगरीच्या शाळेतल्या बाईंना तिने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ती ऐकून नाही, बघून शिकते. कुणी दाखवलं का तिला?"

"माझी पाळी बंद होऊन जमाना झाला, मी काय दाखवणार?" आत्या म्हणाली. घरी आल्यावर तिने वहिनीकडे पाहिलं.

वहिनी लाजेने लाल झाली. याच पोरीला तिने जन्म दिला होता, आजवर रोज न्हाऊ घातलं होतं, पण हे? छे! आठवडाभर ती 'बघू' म्हणत राहिली. मग एका सकाळी तिची स्वतःची पाळी आली आणि ती भिंगरीचा हात धरून न्हाणीघरात गेली. दार लागलं.

"हे बघ. आईलाही येते."

मग भिंगरीचा आवाज आला. "आई, दुखतं?"

"हो गं. कंबर दुखते."

बाहेर आल्यावर भिंगरी दिवसभर आईच्या मागे मागे फिरून तिची कंबर चोळत होती. वहिनी भाजी चिरता चिरता रडत होती आणि कांद्यावर ढकलत होती. भाजी भेंडीची होती.

तिथून गाडी सुरू झाली. वहिनीने चड्डीवर रंगीत दोऱ्याने पॅडचा आकार शिवला. पॅडवर लाल पाणी ओतून बदलायचा सराव झाला. आत्याने चित्रं काढून न्हाणीघरात ओळीने लावली: काढा, कागदात गुंडाळा, डब्यात टाका, नवं लावा, हात धुवा.

"पाहुणे आले तर काय म्हणतील?" दादाने अखेर तोंड उघडलं.

"काही म्हणणार नाहीत, हात धुतील. शेवटचं चित्र तेच आहे."

हे फक्त आई, आत्या आणि शाळेतल्या बाईंना सांगायचं, असंही भिंगरीला शिकवलं. त्यात आपलं नाव नाही हे कळल्यावर दादाला सुटल्यासारखं वाटलं आणि अपमानही झाला. त्या भरात तो स्वतः पॅड आणायला गेला. चोरीचा माल असावा तसं पिशवीत पिशवी घालून घेऊन आला. उघडून पाहिलं तर तान्ह्या बाळांचे डायपर.

मग तो रविवार आला. आत्या एका वकीलसाहेबांना शिकवत होती आणि भिंगरी मागे बसली होती. वकीलसाहेब कोर्टात कुणाला बोलू देत नसत म्हणे. गाडीत मात्र त्यांची वाचा जायची. मधेच भिंगरी आत्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "बदलायचं."

पेट्रोलपंपावर गाडी थांबली. भिंगरी आपली पिशवी घेऊन एकटीच आत गेली आणि तिने दार लावलं. आत्या बाहेर नखं खात उभी. बऱ्याच वेळाने दार उघडलं. सगळं व्यवस्थित झालं होतं. हातही धुतलेले. फक्त आत डबा नव्हता आणि डब्याशिवाय काय करायचं हे चित्रात नव्हतं. म्हणून कागदाची नीट बांधलेली पुडी घेऊन भिंगरी थेट गाडीपाशी गेली आणि जो माणूस जवळ दिसला त्याच्या हातात तिने ती ठेवली.

"धर," ती म्हणाली.

वकीलसाहेबांनी धरली. आत काय आहे हे ध्यानात यायला त्यांना एक क्षण लागला. चेहऱ्यावर बरेच रंग आले नि गेले, पण त्यांनी पुडी टाकली नाही. इकडेतिकडे पाहिलं, पंपाच्या टोकाला कचऱ्याचा डबा दिसला, तिथवर चालत जाऊन टाकून आले. मग नळावर हात धुतले.

"माझ्याही घरी दोन मुली आहेत," परत येऊन एवढंच म्हणाले. "मला कधी कुणी काही धरायला दिलं नाही."

त्या दिवशी घरी जाऊन आत्याने भिंगरीच्या पिशवीत चेन असलेली एक छोटी पिशवी ठेवली, आणि डबा नसेल तेव्हाचं नवं चित्र काढायला बसली. भिंगरी शेजारी फिरत होती, गरागरा.