नळी वळणाशी अडली तेव्हा

शौचाला रक्त पडायला लागलं तेव्हा मीही मूळव्याधच समजलो होतो. पण माझा थोरला भाऊ असंच समजत बसला आणि आतड्याच्या कॅन्सरनं गेला. म्हणून पोरानं मला ओढतच दवाखान्यात नेलं. पहिल्या तपासणीत मागून घातलेली कॅमेऱ्याची नळी पोटातल्या वळणावर अडली, अर्ध्यातच काढावी लागली. पुढच्या अर्ध्यात काय हाय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

बीडला दुसऱ्या डॉक्टरांनी नळीच्या टोकाला प्लास्टिकची इवलीशी आरपार दिसणारी टोपी बसवली. म्हणाले, "बाबा, आतड्याला घड्या असतात. ही टोपी घडी बाजूला सारते, मग वाट दिसते."

भुलीचं इंजेक्शन मी घेतलं न्हाई. माझ्या पोटात काय निघतं ते मी जागा राहून बघणार, असं बजावलं. पोरगा बाहेर जाताना पुटपुटला, "ऐकल तर शप्पथ." मला ऐकू आलं.

डाव्या कुशीवर निजवलं. नळी त्याच वळणाला जाऊन अडली. नर्सबाई वरून पोट दाबत होती आणि मी पोट दगडासारखं आवळलेलं. आत हवा भरलेली, ती सोडा म्हणत होते. सुनेच्या वयाच्या बाईसमोर कशी सोडायची?

"जरा मागं घेऊन फिरवा की," मी म्हणालो. "बोअरात मोटार अडकली की आमी तसंच करतो."

"तेच करतोय बाबा. पण तुमचं बोअरच आवळून बसलंय." त्यांनी मला उताणं केलं. "आता न्हाई गेली तर थांबू. जोर लावला तर आतडं फाटायची भीती असते."

थांबू म्हणल्यावर भावाचं वाळलेलं अंग आठवलं. मी अजूनच आवळलो.

नर्सबाईनं विचारलं, "आजोबा, सासुरवाडी कुठली?"

"धर्मापुरी. कावून?"

"माझं माहेर तेच. मग आजोबा कसले, दाजीच की तुमी." ती डॉक्टरांकडं वळली. "आमच्या गावचे जावई हायेत. आहेर केल्याबिगर हवा बी सोडायचे न्हाईत."

मला हसू फुटलं. पोट सैल पडलं, आणि जे इतका वेळ दाबून धरलं होतं ते साऱ्यांदेखत सुटलं. कुणी मान वर केली न्हाई. तिचा हात पोटात रुतला, डॉक्टरांनी नळी हळूच फिरवली, आणि ती वळण ओलांडून गेली.

पार शेवटाला टोपीनं एक घडी सारली. मागं शेंगदाण्याएवढा मांसाचा कोंब. मी पडद्यावरून नजर काढली न्हाई. तारेचा फास टाकून त्यांनी तो कापला आणि तपासायला पाठवला.

रिपोर्ट आला. कॅन्सर न्हाई, पण तसाच राहिला असता तर पुढं होऊ शकला असता. डॉक्टर म्हणाले, घरात दोघांना निघालं, आता पोराचंही आतडं नळी घालून बघायला पाहिजे.

"मला काय झालंय?" पोरगा उठायला लागला.

मी त्याचं मनगट धरलं. "बस खाली," म्हणालो.