सावलीहून आलेला फोन

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला सांगायचं मनात होतं, तर ती गेली. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बडोद्याच्या आसपास नवेनवे कारखाने उभे राहत होते आणि मी पब्लिक रिलेशन्सची पदवी करत होते. रावपुऱ्यातल्या आमच्या घरात हे कोणाच्या पचनी पडायचं नाही. "म्हणजे नेमकं काय शिकतेस गं?" बाबा विचारायचे. लोकांशी बोलायला, मी सांगायचे. "त्याला कॉलेज कशाला लागतं?" ते हसायचे.

शेवटच्या वर्षी सावली रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ट्रेनिंग मिळालं. साहेब गुजराती, माणूस प्रेमळ. "बेन, तुमच्या आवाजाने माणूस शांत होतो," म्हणायचे. खरंच व्हायचा — वाईट त्याचंच वाटतं.

एका सकाळी टाकी साफ करताना आत वायू साठला आणि एक कामगार गेला. सुरेश, जळगावकडचा. मुंबईच्या ऑफिसातून निरोप येईपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असं ठरलं. दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला. सुमन तिचं नाव. सावली गावात भाड्याच्या खोलीत राहायची, समोरच्या पीसीओवरून बोलत होती. मराठी बोलते म्हणून साहेबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. हे जेवायला आले नाहीत, म्हणाली. मी म्हटलं, काम वाढलंय, उशीर होईल. किती सहज म्हटलं!

दिवेलागणीला पुन्हा फोन. आता ती कुजबुजत होती.

"ताई, हे आलेत. दारात उभे आहेत, मला इथून दिसतायत. आत या म्हटलं तर येत नाहीत, बोलत नाहीत. कामावर कोणी काही बोललं का यांना?"

त्या घटकेला तो माणूस इस्पितळात चादरीखाली होता — ती चादर मी डोळ्यांनी पाहून आले होते. मग दारात कोण होतं? तिला भास झाला का? मला माहीत नाही. आजही नाही. खरं सांगायची वेळ होती तर तीच, एवढं मात्र तेव्हाही कळत होतं. आणि मी — अगदी मऊ आवाजात — म्हणाले, "दमले असतील. ताट वाढा त्यांना."

रात्री कंपनीची जीप जाऊन तिला सांगून आली. दोन दिवसांनी साहेबांबरोबर मी भेटायला गेले. ताट उंबऱ्याशी तसंच होतं, भाकरी वाळून वाकडी झालेली. ती कोणाला उचलू देत नव्हती. मी दोन शब्द बोलले मात्र, तिने झटकन मान वर केली. आवाज ओळखला तिने.

"तुम्हीच म्हणालात ना, ताट वाढा? जेवले नाहीत हो ते."

सासू, दीर, शेजारी, साहेब — सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी नव्हते. आम्हाला कुठला फोनच आला नाही."

हेच ते. आदल्या वेळी मला बोलायला लावलं होतं, असं म्हणता तरी येईल. हे मला कोणी सांगितलं होतं? साहेबांनीसुद्धा नाही. ते खाली बघत होते.

सासूने कपाळावर हात मारून घेतला. दीर शेजाऱ्याला हळूच म्हणाला, वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय. सुमनने वाद घातला नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली — आणि बघता बघता तिच्या डोळ्यांत शंका आली. माझ्याबद्दल नव्हे. स्वतःबद्दल.

पुढे तिला गावी नेलं. तिकडून आलेल्या एका कामगाराने कॅन्टीनमध्ये सांगितलं, सासूने सुमनच्या लहान मुलीला तिच्यापाशी झोपू देणं बंद केलंय. वेडीच्या हाती लेकरू कसं द्यायचं? मी ऐकलं, चहा संपवला आणि कामाला लागले. परीक्षेत पहिला वर्ग मिळाला. पुढे तीस वर्षं याच धंद्यात काढली.

त्या दिवशी सावलीहून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मीच घेतला. सुमन वेडी नव्हती.