कडुनिंबाखालची बाज
सुंभाचा वास आला की शिक्र्याचं ते पिल्लू आठवतं. ते माझ्या चुकीनं मेलं. नव्वदच्या दशकात बँकेनं मला बनारसला पाठवलं तेव्हा मी शहराबाहेरच्या कॉलनीत राहायचो आणि हिंदी मला जेमतेम कळायची. शेजारची संशोधक मुलगी तिथल्या शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यांच्या जोडीचा वावर नकाशावर टिपायची. दोन दिवस गावाला जाताना तिनं म्हाताऱ्या माळ्याला बजावलं, "पक्ष्यांना हात लावू नका, काही झालं तर बाबूजींना विचारा." दुसऱ्याच दुपारी तो धावत आला, "बाबूजी, नीम के नीचे बाज गिरा पड़ा है!" बाज म्हणजे आमच्याकडे सुंभानं विणलेली खाट. मी म्हटलं, "पड़ा रहने दो, शाम को उठाएँगे." "शाम तक बचेगा?" "कौन ले जाएगा?" संध्याकाळी गेलो तर खाट कुठली, हिंदीतला 'बाज' म्हणजे शिकारी पक्षी! शिक्र्याचं पिल्लू उन्हानं मलूल पडलेलं, आणि नर पंजात सरडा धरून थेट रेल्वेरुळांपलीकडून येत होता. नकाशावरची त्याची हद्द तर कॉलनीच्या भिंतीशीच संपत होती! सरडा पिल्लापुढे टाकून तो पुन्हा रुळांपलीकडे गेला, पुन्हा आला. मूठभर पक्ष्याचं आभाळ केवढं मोठं होतं! मी बघतच राहिलो. पिल्लानं मात्र चोच उघडली नाही. ते माझ्या ओंजळीतच गेलं. परतल्यावर मुलगी माळ्यावर चिडली, "बताया क्यों नहीं?" त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो. वर्षभरानं माझी बदली झाली, तेव्हा तिच्यासमोर मी त्याचे हात धरले, "दीदी, इन्होंने बताया था, मैं ही खाट समझ बैठा. बाबा, मुझे माफ़ कर दीजिए."