वस्तादांची फरशी

आमच्या ह्यांनी तीस वर्षं गॅरेजच्या जमिनीवर ऑइल सांडलं आणि गेली दोन वर्षं ते तिथलंच ऑइल पुसताहेत. करावं तसं भरावं म्हणतात, पण ते इतकं तंतोतंत भरावं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

पूर्वी तिथे साधा कोबा होता, काळाकुट्ट. त्यावर काय सांडलं हे सांडणाऱ्यालाही कळायचं नाही. मग गॅरेज बारक्याने घेतलं. बारक्याला आता सगळे साहेब म्हणतात. पण ह्यांच्या हाताखाली शिकायला आला तेव्हा काडीपहिलवान होता, म्हणून ह्यांनीच ते नाव ठेवलं. आज त्याचं पोट त्याच्याआधी दारातून आत येतं, तरी माझ्या तोंडात तेच बसलंय. त्याने कोबा घासून काढला आणि वर इपॉक्सीचा राखाडी थर ओतला. काचेसारखा. त्यात गाडीचं पोट दिसतं, ट्यूबलाइट दिसते, वाकलं तर स्वतःचं थकलेलं तोंडही दिसतं.

त्याच वर्षी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. एकदा उघड्या इंजिनात एवढासा स्क्रू हातातून सुटला आणि तो काढायला दोघांचा अख्खा दिवस गेला. संध्याकाळी बारक्या म्हणाला, "वस्ताद, हात बरा होईपर्यंत जरा फरशी सांभाळा. तुमच्यासारखी ती कोणी ठेवणार नाही."

हात बरा होईपर्यंत. ह्या तीन शब्दांवर आमच्या घराने दोन वर्षं काढली. गोळ्या वेळेवर, व्यायाम वेळेवर. रोज सकाळी चहाचा कप उचलून हे मला विचारायचे, "कालच्यापेक्षा कमी आहे ना गं?" मी हो म्हणायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन केव्हाच सांगितलं होतं की हे वाढतच जाणार. मी ते ह्यांना सांगितलं नाही. हिंमत झाली नाही, दुसरं काय.

गंमत म्हणजे मॉपचा दांडा दोन्ही हातांनी दाबून धरला की हात अजिबात थरथरत नाही. त्यामुळे फरशीवर हे राजे. सगळ्यात आधी कोरडा, रुंद, मऊ मॉप, कारण वाळूचा एक कण बुटाखाली आला तरी चरा उठतो. मग कोमट पाणी आणि त्यात सौम्य लिक्विडची दोन झाकणं. तारेचा ब्रश वर्ज्य. हमरस्त्यावरून तापून आलेल्या गाडीच्या चाकांखाली आधी चटया, कारण गरम टायर थंड होताना थर उचकटून घेतो. जॅकखाली फळी. लिंबू, व्हिनेगर असलं आंबट काही नाही, चकाकी मरते. आणि साबण तर नाहीच नाही. ते ज्ञान माझ्यामुळे मिळालं. "एवढं काय ते कौतुक, चमचाभर कपड्याची पावडर टाका," म्हणून मीच पुडी बांधून दिली होती. साबणाचा थर फरशीवर बसला आणि दुपारी वसुलीला आलेला विमा एजंट केबिनच्या दारापासून थेट रॅम्पपर्यंत बसल्या बसल्या पोहोचला. त्यानंतर आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं.

पण सगळ्यात मोठा नियम असा की थेंब दिसला की लगेच टिपायचा. ऑइल राहिलं तर डाग, आणि ब्रेक ऑइल राहिलं तर थरच मऊ पडतो. हे दिवसभर कंबरेत वाकून थेंबांच्या मागे. संध्याकाळी घरी येऊन खुर्चीत बसले की बूट काढायलाही दहा मिनिटं लागायची. मी पाय दाबायला गेले की म्हणायचे, "राहू दे, तूही दमलीस." दमले होतेच.

त्या दिवशी हे चष्मा घरी विसरले. मी तो घेऊन गॅरेजवर गेले तेव्हा हे एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी गुडघे टेकून बसले होते आणि स्वतःच्या बोटांचा वास घेत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"थेंब पुसला गं मी," हे म्हणाले. "सवयीने पुसला. पण तो ब्रेक ऑइलचा होता."

ती गाडी सकाळीच ब्रेकचं काम होऊन तयार झाली होती. तिची मालकीण किल्ली घेऊन उभी होती. मागच्या सीटवर तिची दोन मुलं एकमेकांना ढकलत होती. त्यांना घाट उतरून जायचं होतं. हे उठले आणि ते काम केलेल्या मिस्त्रीला म्हणाले, "ही गाडी सोडू नकोस. मागे ब्रेक ऑइल गळतंय."

मिस्त्री खाली वाकला. फरशी आरशासारखी स्वच्छ. "कुठंय? दाखवा."

दाखवणार काय? थेंब टिपलेलं फडकं ह्यांनी शिस्तीत बादलीत बुडवलं होतं, आणि ब्रेक ऑइल पाण्यात पार विरघळून जातं. आपल्याच हाताने पुरावा धुऊन हे मोकळे झाले होते.

"वस्ताद, पाण्याचा थेंब असेल," मिस्त्री हसत म्हणाला. "तुम्ही फरशी बघा, गाड्या आम्ही बघतो."

दोघंतिघं हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडायच्या आत हे गाडीसमोर जाऊन मॉप आडवा धरून उभे राहिले. "गाडी हलणार नाही."

एवढ्या मोठ्याने ह्यांना बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. बारक्या केबिनमधून बाहेर आला. त्याने मिस्त्रीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा समजूत घालून बाजूला करणार. हे म्हणाले, "मुलांना खाली उतरव. तू स्वतः बस आणि ब्रेक दाब. मी सांगेपर्यंत दाबत राहा."

बारक्या मुकाट्याने जाऊन बसला. ह्यांनी धुतलेलं पांढरं फडकं चाकाच्या आत अंथरलं. पाच वेळा दाबलं, काही नाही. दहा वेळा, काही नाही. मिस्त्रीने घड्याळ बघितलं. गाडीपेक्षा मला ह्यांचीच काळजी वाटत होती. आज हे खोटे पडले असते तर पुन्हा उभे राहिले नसते.

पंधराव्या-सोळाव्या दाबाला फडक्यावर एक पिवळसर ठिपका उमटला. मग त्याच्या शेजारी दुसरा.

नळीचा नट अर्धा फेरा सैल राहिला होता, तेवढंच. कोणी हसलं नाही. मिस्त्रीचा चेहरा उतरला. ह्यांनी चाकाखालून नजर न काढता, जुन्या सवयीने, मागे हात केला आणि म्हणाले, "पाना दे."

हात हवेत थरथरत राहिला. सगळ्यांना दिसला, मान वळवल्यावर ह्यांनाही.

पाना कोणी दिला नाही. बारक्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला, ह्यांना उठवलं आणि नट मिस्त्रीकडून आवळून घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज वस्ताद होते म्हणून वाचलो. उद्यापासून वस्तादांनी खालची फरशी बघून हो म्हटल्याशिवाय एकही गाडी बाहेर जाणार नाही. इंजिनच्या कामाला मला दहा जण मिळतील. अशी नजर मला कायम फरशीवरच पाहिजे."

टाळ्या वाजल्या. मिस्त्रीनेही वाजवल्या. हे म्हणाले, "बरं."

संध्याकाळी घरी मी फणफणत होते. "जाऊन सांगते त्या बारक्याला. कायम म्हणजे काय? त्याने हात बरा होईपर्यंतचा शब्द दिला होता."

"काय सांगशील?" हे खुर्चीत डोळे मिटून म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्याने मान दिला गं. आता भांडू कशावरून?"

डॉक्टरांचं बोलणं सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं, आता त्याची गरज उरली नव्हती. हवेत राहिलेला तो हात ह्यांनी स्वतःही बघितला होता.

"उद्यापासून अर्धा तास आधी उठव," हे म्हणाले. "आधी सगळ्या गाड्यांखाली बघायचं आणि मग पुसायचं. नाहीतर पुन्हा आजच्यासारखं व्हायचं."

मी गजर लावला. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासता घासता रडले. ह्यांना ऐकू गेलं असणार, आमचं घर काही मोठं नाही. पण उठून आत यायचं त्राण त्यांच्यात नव्हतं, आणि बाहेर जाऊन त्यांच्याजवळ बसायचं माझ्यात.